परीक्षेला कोणतं विमान न्यायचं? कोल्हापूरच्या एका सीएफआय उमेदवाराचं प्रकरण

अमेरिकेतल्या फ्लाइट इन्स्ट्रक्टर परीक्षेची, म्हणजे सीएफआयच्या चेकराइडची तयारी करणाऱ्या आपल्याकडच्या मुलामुलींचा सगळा जोर दोन गोष्टींवर असतो: तोंडी परीक्षेत पाठ कसा घ्यायचा आणि उजव्या सीटवरून विमान कसं उतरवायचं. परीक्षेला न्यायचं विमान कोणतं, हा प्रश्न शाळेत विमानं नेमून देणाऱ्या डिस्पॅच टेबलावर सोडून दिला जातो. मी कोल्हापुरात वैमानिकीच्या विद्यार्थ्यांना नियम आणि तांत्रिक विषय शिकवतो. इथून परदेशी गेलेले बरेच जण नंतरही फोनवर शंका विचारतात. त्यांतल्याच एका मुलीचं हे प्रकरण, तिच्या आणि तिच्या वडिलांच्या परवानगीने लिहितोय. नावं आणि शाळा मुद्दाम दिलेली नाहीत.

मुलगी राजारामपुरीतली. वडिलांचा उद्यमनगरात मशीन शॉप आहे, शिरोलीच्या फाउंड्रींची कामं करतात. मुलीने ॲरिझोनातल्या एका शाळेत कमर्शिअल लायसन्स पूर्ण केलं आणि लगेच इन्स्ट्रक्टरच्या अभ्यासाला लागली. त्यासाठी घराने काढलेल्या कर्जाचा शेवटचा हप्ता उचलून झाला होता. प्रत्येक उड्डाणाचा हिशोब वडील वहीत लिहून ठेवत, म्हणून पुढे जे घडलं त्याचा ताण केवळ अभ्यासाचा नव्हता.

ॲरो हँगरमध्ये गेलं

परीक्षेला पंधरवडा राहिला असताना तिचं ठरलेलं विमान, पायपर ॲरो, गिअरच्या दुरुस्तीसाठी हँगरमध्ये गेलं. कधी बाहेर येईल ते मेकॅनिकलाही सांगता येईना. ॲरो म्हणजे चाकं आत घेणारं आणि प्रॉपेलरचा पिच बदलता येणारं विमान, ज्याला तिकडे कॉम्प्लेक्स म्हणतात. शाळेतल्या बाकीच्या विमानांपेक्षा त्याचं तासाचं भाडं बरंच जास्त. तरी तिने त्यावरच तयारी केली होती. कारण तिच्याआधी तिकडे शिकून आलेल्या शिरोलीच्या एका दादाने तिला निक्षून सांगितलं होतं, की गिअर आत जाणारं विमान असल्याशिवाय सीएफआयची पहिली परीक्षा होतच नाही.

दादा खोटं बोलत नव्हता. त्याच्या वेळी नियम तसाच होता. पहिल्यांदा विमानाचा इन्स्ट्रक्टर होणाऱ्याला निदान परीक्षेतल्या काही भागासाठी कॉम्प्लेक्स विमान आणावंच लागे. २४ एप्रिल २०१८ रोजी एफएएने, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, सूचना काढली आणि सिंगल इंजिनच्या कमर्शिअल परीक्षेसाठी व सीएफआय परीक्षेसाठी कॉम्प्लेक्स विमानाची अट काढून टाकली. अशी विमानं जुनी होत चालली होती आणि शाळांना सांभाळायला जड जात होती. त्याच महिन्यात, ४ एप्रिलला, फ्लोरिडात डेटोना बीचजवळ एका ॲरोचा पंख हवेत तुटला होता. पंखाच्या मुख्य स्पारमध्ये, म्हणजे पंखाचा भार पेलणाऱ्या तुळईत, धातूच्या थकव्याने तडा गेला होता. विमानात कमर्शिअलची परीक्षा देणारा विद्यार्थी आणि परीक्षक होते, दोघेही गेले. पुढे या जातीच्या बऱ्याच विमानांच्या स्पारची तपासणी सक्तीची झाली. सूचना या अपघातामुळे निघाली असं मी म्हणणार नाही. पण जुनी कॉम्प्लेक्स विमानं शाळांना का नकोशी झाली, हे समजायला ही घटना ठाऊक असलेली बरी.

कमर्शिअल लायसन्ससाठी लागणारे दहा तासांचे कॉम्प्लेक्स उड्डाणही २७ ऑगस्ट २०१८ पासून टेक्निकली ॲडव्हान्स्ड विमानात करता येऊ लागले. त्या विमानात प्रायमरी फ्लाइट डिस्प्ले, हलत्या नकाशासह मल्टिफंक्शन डिस्प्ले आणि दोन अक्षांचा ऑटोपायलट लागतो. ३१ मे २०२४ पासून सीएफआय परीक्षेला परीक्षेत काय करून दाखवायचं ते सांगणारं एसीएस हे नवं मानक लागू झालं, त्यातही कॉम्प्लेक्सची सक्ती परत आलेली नाही.

हे सगळं मी तिला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, त्यामुळे इथे रात्रीची जेवणं आटोपत तेव्हा तिचा दिवस उजाडत असे. वडीलही शेजारी बसून ऐकत होते. त्यांचा पहिला प्रश्न होता, "मग सर, एवढे पैसे ॲरोवर घातले ते वाया गेले?" वाया गेले नव्हते. पुढे कॉम्प्लेक्स विमानात शिकवायचं असेल तर त्याचं वेगळं एन्डॉर्समेंट, म्हणजे इन्स्ट्रक्टरने सही करून दिलेला शेरा, लागतं आणि ते तिच्या लॉगबुकात आलं होतं. पण हेही खरं, की परीक्षेसाठी तो खर्च गरजेचा नव्हता. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या अनुभवावर आजचा परीक्षेचा खर्च ठरवणं ही आपल्याकडची मोठी अडचण आहे, आणि तिचा फटका कर्ज काढून शिकणाऱ्या घरांना बसतो.

दुसरा प्रश्न त्यांनी अगदी मनापासून विचारला. पोरगी दिवाळीला घरी येणारच आहे, तर परीक्षा इकडच्याच एखाद्या विमानात का घेता येऊ नये? उजळाईवाडीला धावपट्टी आहे, बारामतीला शिकवायची विमानं आहेत. प्रश्न भाबडा वाटेल, पण नियमात त्याला धागा आहे. अमेरिकन नियमावलीतलं ६१.४५ हे कलम सांगतं, की परीक्षेचं विमान उमेदवाराने आणायचं, ते अमेरिकेत नोंदलेलं असावं, आणि त्याच्याकडे स्टँडर्ड, लिमिटेड किंवा प्रायमरी वर्गाचं एअरवर्दिनेस (उड्डाणयोग्यतेचं) सर्टिफिकेट असावं. परदेशात नोंदलेलं विमान परीक्षक आपल्या विवेकाने मान्य करू शकतो. कागदावर दार पूर्ण बंद नाही. पण तिकडचा परीक्षक इकडे येऊन आपल्या व्हीटी, म्हणजे भारतीय, नोंदणीच्या विमानात परीक्षा घेईल, ही गोष्ट व्यवहारात घडत नाही. परीक्षा ॲरिझोनातच द्यायची होती.

शाळेत काय उपलब्ध होतं

आता तीन पर्याय उरले. एक डायमंड डीए४०, एक नवं सेसना १७२ एस आणि एक जुनं १७२, ज्याच्या पॅनेलवर सगळी काट्यांची गोल उपकरणं. ६१.४५ मधल्या दोन अटी इथे महत्त्वाच्या. परीक्षेत जी कामं करून दाखवायची आहेत त्या प्रत्येकाला लागणारं साहित्य विमानात असलं पाहिजे, आणि त्यांतलं कुठलंही काम करायला मनाई करणारी मर्यादा त्या विमानावर असता कामा नये. शिवाय दोन वैमानिकांच्या जागा हव्यात आणि इंजिन व उड्डाणाची नियंत्रणं दोघांच्याही सहज हाताशी हवीत.

सीएफआयच्या उमेदवाराला ही शेवटची अट फार जवळची आहे, कारण तो उजवीकडे बसून शिकवतो. जुन्या काही पायपर विमानांत उजवीकडे ब्रेकची पेडल नसतात, मध्ये हाताचा ब्रेक असतो. कलमात ब्रेकचं नाव घेतलेलं नाही. तरीही ज्या सीटवरून तुम्हाला विद्यार्थ्याची चूक सावरायची आहे तिथे काय हाताला लागतं, हे परीक्षेच्या आधी बसून बघायला हवं. तिने बघितलं. सेसनात दोन्हीकडे पेडल होती.

डीए४० देखणं विमान. तिला त्याचाच मोह होता. पण त्यात मुद्दाम स्पिन करायला, म्हणजे विमान गरगरत खाली जाऊ द्यायला, मनाई आहे. यावर तिचं म्हणणं होतं, की स्पिन परीक्षेत करावाच लागत नाही, मग काय बिघडलं? इथे मी तिला ६१.१८३ काढून वाचायला लावलं. इन्स्ट्रक्टर होणाऱ्याला स्पिनची ओळख, स्पिनमध्ये जाणं आणि त्यातून बाहेर येणं हे स्पिनसाठी प्रमाणित विमानात शिकून, शिकवण्याची क्षमता असल्याचं एन्डॉर्समेंट घ्यावं लागतं. पहिल्या परीक्षेत परीक्षक हे एन्डॉर्समेंट पुरेसं मानू शकतो. पण स्टॉल (पंखाची उचल तुटणं) किंवा स्पिनच्या ज्ञानात वा कौशल्यात कमी पडल्यामुळे कुणी नापास झालं, तर फेरपरीक्षेत परीक्षकाला ते विमानातच तपासावं लागतं, आणि ते विमान स्पिनसाठी प्रमाणित असावं लागतं. डीए४० घेऊन ती परीक्षेला गेली आणि नेमकी स्टॉलच्या पाठात अडली, तर फेरपरीक्षेला विमान बदलावं लागणार. म्हणजे नव्या विमानाशी पुन्हा ओळख, पुन्हा तास, पुन्हा पैसे. नापास होण्याचा विचार करून विमान निवडायचं नसतं, असं तिच्या एका मैत्रिणीचं मत होतं. मला ते पटत नाही. जो पुढे दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी घेणार आहे, त्याने वाईट शक्यता आधी मोजलीच पाहिजे.

१७२ एस मध्ये युटिलिटी वर्गात, म्हणजे कमी वजनाच्या मर्यादेत, स्पिन करता येतो. त्याला अट आहे. नॉर्मल वर्गात त्याचं कमाल वजन २५५० पौंड, युटिलिटीत २२००. युटिलिटीत मागची सीट रिकामी हवी आणि सामानाच्या कप्प्यातही काही नको. आम्ही हिशोब मांडला. त्या विमानाचं रिकामं वजन सुमारे १७०० पौंड, ती १२८, परीक्षक १९०, भरलेली टाकी म्हणजे वापरता येणारं ५३ गॅलन इंधन, गॅलनला सहा पौंडांप्रमाणे ३१८, आणि पुस्तकांची पिशवी १४. बेरीज २३५०. नॉर्मल वर्गात आरामात बसते. चॅन्डेल, लेझी एट, स्टीप टर्न, स्टॉल या परीक्षेतल्या कसरती, हे सगळं नॉर्मल वर्गातच होतं, त्यामुळे पहिल्या परीक्षेला टाकी भरून गेलं तरी चालतं. स्पिन करायची वेळ आली, तर दोन माणसांसह विमान २०१८ पौंडांवर येतं, उरलेल्या १८२ पौंडांत जेमतेम ३० गॅलन इंधन बसतं. पिशवी खाली ठेवायची. त्या वजनाला गुरुत्वमध्य मर्यादेत येतो की नाही, हेही तिने तक्त्यावर तपासून ठेवलं. हा कागद तिने परीक्षेच्या फाइलीत लावला. परीक्षकाने तो मागितला नसता तरी तिला स्वतःला माहीत होतं, की गरज पडली तर हेच विमान कोणत्या वजनावर स्पिन करू शकतं.

१७२ एस ठरलं. पॅनेल जी१००० या पडद्यांच्या प्रणालीचं होतं, त्यामुळे एक छोटी अडचण राहिली. उड्डाणाची मुख्य उपकरणं डाव्या पडद्यावर, आणि ती स्वतः बसणार उजवीकडे. तिरकं बघून पाठ देताना आकडे वाचायला त्रास होतो. ऑडिओ पॅनेलवरचं लाल बटण दाबलं की दोन्ही पडद्यांवर मुख्य उपकरणं येतात. ते तिने आधीच्या सरावात वापरून बघितलं. सीएफआय परीक्षेत उपकरणांवर उडण्याचा मूलभूत पाठही असतो, त्यासाठी बाहेरचं दिसू न देणारा हूड उमेदवारानेच आणायचा. ही वस्तू स्वस्त, पण विसरली तर परीक्षा तिथेच थांबते.

शंभर तासांच्या तपासणीला विमानाचे थोडेच तास उरले होते. परीक्षेच्या उड्डाणाला ती तपासणी लागू होते की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा तिने शाळेला विनंती करून ती आधीच उरकून घेतली. वार्षिक तपासणी, रडारला विमानाची ओळख देणाऱ्या ट्रान्सपॉन्डरची चोवीस महिन्यांची तपासणी, ईएलटीची (अपघातात संकेत पाठवणाऱ्या यंत्राची) बारा महिन्यांची, एअरवर्दिनेस डायरेक्टिव्हची (एफएएने सक्तीच्या केलेल्या तपासण्या-दुरुस्त्यांची) नोंद, हे सगळं लॉगबुकात कुठल्या पानावर आहे त्याला रंगीत चिठ्ठ्या लावल्या.

परीक्षा दोन दिवसांत वाटली गेली

तोंडी परीक्षा सकाळभर चालली आणि चांगली झाली. दुपारी वारा शाळेच्या मर्यादेबाहेर गेला. उड्डाण रद्द झालं आणि परीक्षकाने लेटर ऑफ डिसकन्टिन्युअन्स दिलं. हे नापासाचं पत्र नव्हे. झालेल्या भागाचं श्रेय टिकतं, उरलेला भाग ६० दिवसांत पूर्ण करायचा असतो. वडिलांना हे समजावताना वेळ लागला, कारण परीक्षा अर्धी राहिली एवढंच त्यांच्या कानावर पडलं होतं.

पुढची तारीख मिळाली. त्या सकाळी १७२ एसच्या पुढच्या चाकाचा स्ट्रट, म्हणजे धक्का झेलणारा दांडा, बसलेला निघाला. डिस्पॅचने लगेच पर्याय दिला: जुनं १७२ रिकामं आहे, ते घे. त्या विमानातला ॲटिट्यूड इंडिकेटर, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण, बंद होता. मेकॅनिकने तो रीतसर निष्क्रिय केला होता, त्यावर चिठ्ठी लावली होती, नोंदही होती. विमान त्या आठवड्यात रोज उडत होतं.

या प्रकरणाचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय इथे झाला, आणि तो तिने एकटीने घेतला. कोल्हापुरात तेव्हा रात्र झाली होती, मी फोनवर नव्हतो. तिने केलेला विचार नंतर मला सांगितला तो असा.

विमान बेकायदा होतं का? नाही. दिवसाच्या व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून करायच्या, उड्डाणाला कोणती उपकरणं हवीत याची यादी ९१.२०५ मध्ये आहे. एअरस्पीड इंडिकेटर, अल्टिमीटर, होकायंत्र, टॅकोमीटर, तेलाचा दाब आणि तापमान, इंधनाचा गेज वगैरे. ॲटिट्यूड इंडिकेटर त्यात नाही. ज्या विमानाला मान्यताप्राप्त एमईएल (काय बिघडलेलं असताना उडता येतं याची यादी) नाही, त्यात बिघडलेलं उपकरण ठेवून उडता येतं की नाही हे ९१.२१३ सांगतं. विमानाच्या साहित्ययादीत ते सक्तीचं नसावं, ९१.२०५ ने किंवा एखाद्या डायरेक्टिव्हने मागितलेलं नसावं, ते काढलेलं किंवा निष्क्रिय करून चिठ्ठी लावलेलं असावं, आणि त्यामुळे धोका नाही असं वैमानिकाने किंवा मेकॅनिकने ठरवलेलं असावं. हे सगळं जुळत होतं. विमान उडायला योग्य होतं.

परीक्षेला योग्य होतं का? ६१.४५ परीक्षेतल्या प्रत्येक कामाला लागणारं साहित्य मागतं. उपकरणांवर उडण्याचा पाठ घ्यायचा आहे, आणि त्या पाठाचं मुख्य उपकरणच बंद. वळण दाखवणाऱ्या टर्न कोऑर्डिनेटरवर भागवता येईल, परीक्षक चालवून घेईल, असं डिस्पॅचवाल्याचं म्हणणं. चालवून घेतलंही असतं कदाचित. पण परीक्षेत पायलट इन कमांड उमेदवारच असतो, परीक्षक सहसा नसतो, आणि विमान योग्य आहे हे ठरवायची जबाबदारी ९१.७ प्रमाणे त्याचीच. शिकवायला बसणाऱ्या माणसाने अपुरं साहित्य घेऊन पाठ सुरू करायचा आणि बाकीचं समोरच्याच्या उदारपणावर सोडायचं, हे तिला पटलं नाही. तिने परीक्षकाला फोन करून विमानाची स्थिती सांगितली आणि दुसरी वेळ मागितली. परीक्षकाने तारीख पुढे दिली. ६० दिवस अजून बाकी होते.

सकाळी इथे वडिलांना कळलं तेव्हा ते चिडले. त्यांच्या बाजूने विचार केला तर राग समजतो. पोरीला तिकडे ठेवायचा प्रत्येक जादा दिवस म्हणजे खर्च, आणि शाळेतले लोक स्वतः विमान देत असताना ही नाही म्हणते. मला फोन करून ते म्हणाले, "सर, तिला तुम्ही सांगितलंय का असं करायला?" मी सांगितलं नव्हतं, पण सांगितलं असतं. मग मी त्यांना त्यांच्याच शॉपमधली गोष्ट विचारली. लेथ चालू आहे, माल निघतोय, पण मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन संपलंय. ग्राहकाचं ऑडिट त्या दिवशी असेल, तर माल दाखवाल का? ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "न्हाई दाखवणार." तेवढ्यावर त्यांचा राग उतरला असं नाही. पण वहीत त्या आठवड्याचा खर्च लिहिताना त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

शाळेतल्या काही जणांनी तिला नंतर सुनावलं, की एवढा विचार करायची गरज नव्हती, परीक्षक ओळखीचा आहे. मला या बोलण्याचा राग येतो. ओळखीवर परीक्षेचं विमान ठरवणारी मुलं पुढे इन्स्ट्रक्टर होतात, आणि त्यांचे विद्यार्थी तेच शिकतात.

स्ट्रट दुरुस्त झाला. पुढच्या तारखेला ती त्याच १७२ एस मध्ये गेली. विमान तेच असलं तरी दुरुस्तीची नोंद नवी होती, म्हणून तिने लॉगबुकातलं ते पान आणि वजनाचा कागद पुन्हा तपासला. परीक्षकाने सुरुवातीलाच विचारलं, की मागच्या वेळी दिलेलं जुनं विमान तू का नाकारलंस. तिने ९१.२१३ आणि ६१.४५ यांतला फरक विद्यार्थ्याला शिकवावा तसा पांढऱ्या फळ्यावर मांडला. उड्डाण झालं, स्टॉलचा पाठ व्यवस्थित गेला, आणि संध्याकाळी तिच्या हातात तात्पुरतं सर्टिफिकेट होतं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पालक हमखास विचारतात. हे अमेरिकन सर्टिफिकेट घेऊन भारतात लगेच शिकवता येत नाही. इथल्या इन्स्ट्रक्टर रेटिंगसाठी डीजीसीएची, म्हणजे आपल्या विमान वाहतूक महासंचालनालयाची, वेगळी प्रक्रिया आहे. तिला सध्या तिकडेच शिकवून तास वाढवायचे आहेत.

पुढची परीक्षा इन्स्ट्रुमेंट इन्स्ट्रक्टरची. तिची तारीख अजून ठरलेली नाही. पण कोणत्या विमानात ग्लाइडस्लोप (उतरण्याचा कोन दाखवणारं उपकरण) चालू आहे, जीपीएसचा डेटाबेस कधीपर्यंतचा आहे आणि अल्टिमीटर व स्टॅटिक प्रणालीची चोवीस महिन्यांची तपासणी कधी संपते, हे तिने शाळेकडे आत्ताच लेखी मागितलं आहे.